‘आयसीयूत नेलं म्हणूनच गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला एका सिस्टरचं उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर भाजलेल्या माणसांविषयी एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. विडी घरकुलातल्या बचतगटांपासून जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांपर्यंत तो पोचलाय. मला तो माझ्याच नात्यातल्या माणसांनी पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतात, मैदा, अंड्याचा पांढरा बलक, टूथपेस्ट नाहीतर हळद थापावी. ४० टक्क्यांच्या वर भाजलेलं माणूस वाचत नसतं, आयसीयूत पैसा घालू नये. दोन दिवस चांगलं बोलणाऱ्या माणसाला आयसीयूत सलाईन लावून लावून सुजवतात, घशात नळी घालतात आणि चार-आठ दिवसांनी ‘गेला’ म्हणून सांगतात. घरच्यांना आत सोडत नाहीत, कारण काहीतरी लपवायचं असतं. अंडी खायला घालून जखमेत पू करतात. पोलीस केस असते म्हणून आधी चौकीत जावं. आणि एवढं करून वाचलाच तर जन्मभर विद्रूप, मग उपयोग काय?

मी सोलापुरात भाजलेल्यांच्या आयसीयूत नर्स आहे. हा मेसेज मनापासून पुढे पाठवणाऱ्यांत आपलं माणूस गमावलेले पुष्कळ असतात आणि त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नसतं. माणूस बोलत होता, सुजला, नळी घातली, गेला. हे असंच घडतं. पण ते का घडतं, याचं मेसेजमधलं कारण साफ चुकीचं आहे आणि त्या कारणावर विश्वास ठेवून लोक पहिले तास घालवतात. भाजलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात महाग वेळ तोच असतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पाण्याचा आधी. फोड पाण्याने येत नाहीत. कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि मध्ये अंगातलं पाणी साचतं, त्याला आपण फोड म्हणतो. तेवढं खोल भाजलं असेल तर पाणी ओता वा न ओता, फोड येणारच. आग विझली, उकळतं सांबार ओघळून गेलं, तरी कातडीत शिरलेली उष्णता काही वेळ खाली उतरत राहते आणि जिवंत राहू शकला असता असा थरही मारते. ती उष्णता पाणी काढून घेतं. साधं गार पाणी, वाहतं, २० मिनिटं. भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही सुरू केलं तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ मात्र नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेली कातडी आणखी मरते.

सोलापुरात यात दोन अडचणी आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी कढत असतं. ते घेऊ नका, घरात सावलीला भरून ठेवलेल्या बॅरलमधलं घ्या. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरायची सवय झालेल्या घरात पाणी ओतताना हात आखडतो. दोन तांबे ओतले की थांबतात. नळ नसेल तर भाजलेला हात किंवा पाय स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पण २० मिनिटं पुरी करा. अंगभर भाजलं असेल, त्यातून लहान मूल असेल, तर मात्र पाणी जखमेपुरतंच ओता आणि बाकीचं अंग झाकून ठेवा. कातडी गेली की अंगाची ऊब धरून राहत नाही आणि भर उन्हाळ्यातसुद्धा मूल गारठून वॉर्डात येतं. पेटलेल्या माणसाला जमिनीवर लोळवून वरून जाड सोलापुरी चादर टाकली तर आग चांगली विझते. पण नंतर जखमेला लागून ती चादर नको, तिचे धागे चिकटतात. आत जखमेला लागून धुतलेलं मऊ धोतर किंवा जुनं सुती लुगडं, आणि चादर त्याच्यावरून.

आणि बांगड्या, अंगठी, जोडवी, करदोटा लगेच काढा. हे मेसेजमध्ये नाही, पण मी सांगते, कारण हे घरीच होऊ शकतं. तासाभराने मनगट सुजायला लागतं. मग हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतून बसतात, आम्हाला त्या एकेक करून फोडून काढाव्या लागतात, आणि खालची बोटं तोवर थंड पडलेली असतात.

मैदा, अंडं, टूथपेस्ट, हळद. जखमेवर टूथपेस्ट वाळून कडक झालेली असते, तिच्याखाली हळद, त्याखाली तेल. डॉक्टरांना किती खोल भाजलंय ते दिसतच नाही. सगळं खरडून काढावं लागतं, आणि भाजलेल्या कातडीवर खरडणं म्हणजे काय हे मी इथे लिहिणार नाही. कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात आणि उघड्या जखमेवर त्यांना आयतं खाद्य मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रथमोपचाराच्या सूचनांत पेस्ट, तेल, हळद आणि कच्चा कापूस लावू नका, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हळदीचं नाव घेऊन.

काही जण विचारतात, बटाट्याच्या सालीचं आणि केळीच्या पानाचं ड्रेसिंग तर डॉक्टरच करतात ना? करतात, आणि याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या ड्रेसिंगवर काम केलं, ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून ड्रेसिंग बदलताना दुखत नाही, आणि खर्च नगण्य. पण ती पानं आधी निर्जंतुक केलेली असतात, जखम धुऊन स्वच्छ केलेली असते आणि ती किती खोल आहे हे आधी पाहिलेलं असतं. परसातलं पान तोडून लावणं हे त्यातलं काहीच नाही.

आता ४० टक्क्यांचा आकडा. आधी हे टक्के मोजतात कसे ते पाहा. मोठ्या माणसाचं डोकं आणि मान मिळून ९, एकेक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, एकेक पाय १८, आणि उरलेला १ जांघेचा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून तान्ह्या बाळाच्या डोक्याचेच १८ धरतात. विखुरलेली जखम असेल तर रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहाताएवढा भाग म्हणजे १ टक्का. नुसती लाल झालेली कातडी यात धरायचीच नसते. घाईत ती धरली जाते, म्हणून तालुक्याच्या गावी ‘५० टक्के’ सांगितलेलं माणूस आमच्याकडे आल्यावर ३० टक्के निघतं, आणि कधी उलटही होतं. फोनवर ऐकलेल्या टक्क्यांवर कुणाचं जगणं-मरणं ठरवू नका.

टक्के बरोबर मोजले तरी एकट्या टक्क्यांनी काही ठरत नाही. फ्रान्समधल्या सर्ज बो या डॉक्टरांनी १९६१ मध्ये एक सोपा हिशेब मांडला: वय अधिक भाजल्याचे टक्के. धूर छातीत गेला असेल तर त्यात १७ मिळवायचे, ही भर नंतर पडली. २२ वर्षांची मुलगी ४० टक्के भाजली तर बेरीज ६२. ७० वर्षांचे आजोबा तेवढेच भाजले तर ११०. धूर गेला असेल तर १२७. तेच ४० टक्के, पण ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. एके काळी बेरीज १०० झाली की माणूस गेलाच असं धरत. चांगल्या बर्न सेंटरांत ती रेषा आता बरीच पुढे सरकली आहे.

आपल्याकडची परिस्थिती मी झाकणार नाही. ६०-७० टक्क्यांच्या पुढे खोल भाजलेले आपल्या भागात फार थोडे वाचतात. त्याची कारणं आम्हाला रोज दिसतात: उशिरा येणं, आधीपासूनचा अशक्तपणा आणि कमी रक्त, ऑपरेशन थिएटरसाठी लागणारी रांग, लावायला कातडी नसणं. पण मेसेज बोलतोय ४० टक्क्यांबद्दल. त्या टप्प्यातली तरुण माणसं वाचतात, घरी जातात आणि पुन्हा मागावर बसतात. त्यांना घरी ठेवायला सांगणं म्हणजे जे वाचले असते त्यांना मरू देणं. दुसऱ्या बाजूला, डॉक्टर ‘१० टक्केच आहे, पण चेहरा आणि हात आहेत, ठेवावं लागेल’ म्हणाले तर तेही ऐका. चेहरा, हात, पाऊल, सांधे आणि जांघ यांचं भाजणं आकड्यात कमी दिसलं तरी कमी नसतं.

दुखत नाही म्हणजे हलकं आहे, असंही लोक धरतात. पांढरी किंवा काळपट, चामड्यागत घट्ट झालेली आणि टोचलं तरी न कळणारी जागा सगळ्यात खोल भाजलेली असते, कारण दुखल्याची खबर देणाऱ्या नसाच जळून गेलेल्या असतात. विजेचं तर त्याहून फसवं. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला किंवा वरून गेलेल्या तारेला चिकटलेल्या माणसाच्या तळहातावर आणि तळपायावर छोटे डाग दिसतात, आणि मधले स्नायू आतून शिजलेले असतात. त्यांची लघवी काळपट चहाच्या रंगाची येते. ती दिसली की आम्ही पळापळ करतो, कारण मेलेल्या स्नायूतला रंग किडनी बंद पाडतो. विजेचा झटका बसलेल्या माणसाचा ईसीजी काढल्याशिवाय त्याला घरी नेऊ नका, तो कितीही चालता-बोलता असला तरी.

आता मेसेजचा मुख्य आरोप. यावर मी थोडं थांबणार आहे, कारण आयसीयूच्या दारात बसलेल्या प्रत्येक घराला हाच प्रश्न पडलेला असतो. ‘सिस्टर, काल तर चांगलं बोलत होती की ओ.’ हो, बोलत होती. भाजण्याने मेंदूला इजा झालेली नसते. पहिल्या दिवशी ८० टक्के भाजलेलं माणूसही नाव-गाव सांगतं, पाणी मागतं, मुलांची चौकशी करतं. बोलतंय म्हणजे बरं आहे, असं कुणालाही वाटेल. पण त्याच वेळी आत दुसरं चाललेलं असतं. मोठं भाजलं की, अंगावर जिथे भाजलेलं नाही तिथल्यासुद्धा, सगळ्या बारीक रक्तवाहिन्या नव्या माठागत पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी, मीठ, प्रथिनं मांसात उतरतात. रक्त दाट होतं, रक्तदाब पडतो, किडनीला रक्त पुरत नाही. पहिल्या दोन दिवसांतले बरेच मृत्यू यानेच व्हायचे. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. तिथल्या जखमींवर उपचार करताना डॉक्टरांनी या पाझरण्याचा आणि सलाईनचा हिशेब नीट मांडायला सुरुवात केली. त्या कामातून आजची सूत्रं निघाली.

सूत्र असं: दर किलो वजनामागे, दर टक्क्यामागे २ ते ४ मिलिलिटर. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला तर पहिल्या २४ तासांत साधारण पाच ते साडेनऊ लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. आणि हे आठ तास दवाखान्यात आल्यापासून मोजायचे नसतात, भाजल्यापासून मोजायचे असतात. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून आधी दोन ठिकाणं फिरून माणूस पाच तासांनी आला, तर आठ तासांचं सलाईन आम्हाला तीन तासांत द्यावं लागतं. मग ‘बाटल्यांवर बाटल्या लावल्या’ असं दिसतं.

हे सगळं पाणी मांसात उतरतं, म्हणून सूज येते. सलाईन दिलं नसतं तर सूज कमी आली असती, आणि माणूस दुसऱ्या दिवशीच गेला असता. दुसऱ्या दिवशी चेहरा सर्वांत वाईट दिसतो. डोळे उघडत नाहीत, ओठ जाड होतात, सख्खी आई ओळखत नाही. मी त्या दिवशी घरच्यांना आत नेण्याआधी सांगते, की आज तुम्हाला चेहरा ओळखू येणार नाही, पण ही सूज तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून लघवीवाटे उतरेल. आणि उतरतेच. सलाईन किती द्यायचं हे सूत्राने ठरून संपत नाही. बिछान्याच्या कडेला लघवीच्या पिशवीची मापाची छोटी कुपी असते, ती आम्ही दर तासाला वाचतो. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर यायला हवी. १५ आली तर सलाईन वाढवतो, ८० आली तर कमी करतो. कारण जास्त सलाईनही घातक असतं, त्याने छातीत पाणी भरतं, पोट ताठरतं. मेसेजमधल्या भीतीत एवढाच खऱ्याचा अंश आहे, आणि त्यावर तोड म्हणजे तासातासाला मोजणं. आयसीयू त्याच्यासाठीच लागतं.

श्वासासाठी घशात घालतात त्या नळीचं तसंच. बंद खोलीत आग लागली की ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो. १८ मे २०२५ रोजी आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, ते हे शहर विसरलेलं नाही. सूत, कापूस, टॉवेलचे गठ्ठे आणि वर राहण्याच्या खोल्या अशी बांधणी इथे सर्रास आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं यंत्र या दोघांतला फरक ओळखत नाही आणि ९८ दाखवत राहतं. म्हणून धुरातून काढलेल्या माणसाचं बोट बघून ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणू नका, मास्कने भरपूर ऑक्सिजन लागतोच. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात होतो.

गरम धुराने घसा आतून भाजतो. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा. ही लक्षणं दिसली की डॉक्टर माणूस बोलत असतानाच नळी घालायचं ठरवतात. घरच्यांना हे पटतच नाही: चांगला बोलतोय, कशाला नळी? कारण अजून काही तासांनी घसा सुजून वाट बंद झाली की मग नळी जात नाही. सगळ्यात आजारी माणसालाच नळी लागते, म्हणून नळी लागलेल्यांत जास्त माणसं दगावतात. नळीमुळे ती दगावत नाहीत. सूज उतरल्यावर कित्येकांची नळी आम्ही काढतो, आणि पहिल्यांदा ते खरखरत्या आवाजात पाणीच मागतात.

मग तरी चौथ्या-आठव्या दिवशी माणूस का जातो? जंतुसंसर्गाने. कातडी हे अंगाचं कुंपण आहे. ते गेलं, आणि मागे राहिलेल्या मेलेल्या कातडीवर जंतू वाढतात, तिथून रक्तात जातात. ताप, मग उलट अंग गार पडणं, गुंगी, रक्तदाब पडणं, किडनी, फुप्फुसं. पहिले दोन दिवस सलाईनने तगलेलं माणूस या टप्प्यावर हातचं जातं, आणि घरच्यांना वाटतं सुधारत होतं ते इथे येऊन बिघडलं. आयसीयूतले जंतू औषधांना दाद न देणारे असतात, हेही खरं आहे. म्हणूनच आम्ही दारात अडवतो. एकेका बिछान्याजवळ सहा-सहा माणसं, बाहेरच्या चपला, डब्याच्या पिशव्या, कुठल्या तरी देवाचा अंगारा जखमेवर लावायची घाई. एका वेळी एकच जण, हात धुऊन, गाऊन घालून आत या, आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही. काचेतून दाखवा म्हणालात तर दाखवू. आणि रोज एक ठरावीक वेळ घेऊन डॉक्टरांना विचारा: लघवी किती, ताप आहे का, ड्रेसिंगमध्ये काय दिसलं, पुढचं ऑपरेशन कधी. हे विचारणं तुमचा हक्क आहे. जिथे उत्तर मिळत नाही तिथे जरूर भांडा.

ऑपरेशन म्हणजे मेलेली कातडी वेळेत काढणं. युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावच्या झोरा यान्झेकोविच या सर्जनबाईंनी १९७० मध्ये आपली पद्धत मांडली: खपली आपोआप सुटायची आठवडेच्या आठवडे वाट न पाहता, पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ-पातळ तासून काढायचा आणि लगेच रुग्णाच्याच मांडीची कातडी लावायची. भाजलेल्यांच्या उपचारात यासारखा मोठा बदल फार थोडा झाला असेल. पण अंगावर चांगली कातडीच उरली नसेल तर? तेव्हा दान केलेली कातडी लागते. सायनला २००० साली त्वचापेढी सुरू झाली. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत मांडी-पाठीवरचा अगदी पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ती कातडी ग्लिसरॉलमध्ये काही वर्षं टिकते. दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती टाकून देतं, पण तेवढ्यात माणूस सावरतो. नेत्रदानाचा फॉर्म भरणारं आपलं शहर या दानाबद्दल फार कमी बोलतं.

खाण्याचं. ‘अंडी, मटण, शेंगदाणे दिले की पू होतो’ हे ऐकून घरची माणसं डब्यातून साबुदाण्याची पेज आणतात. पू खाण्याने होत नाही, जंतूंनी होतो. मोठं भाजलेल्या शरीराची भूक जवळपास दुप्पट होते, आणि नुसत्या पेजेवर ठेवलं तर ते स्वतःचे स्नायू खायला लागतं. ६० किलोच्या माणसाला रोज ९० ते १२० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. म्हणून नाकातल्या नळीने पहिल्याच दिवसापासून दूध, अंडं, प्रथिनांची पावडर सुरू करतात. तुमच्या घरात अंडं चालत नसेल तर सांगा, दूध, पनीर, डाळी, शेंगदाण्याचं कूट यावर जमवता येतं. पण जमवावं लागतं. भूक लागत नाही म्हणून सोडून दिलेल्या माणसाची जखम भरत नाही, आणि लावलेली कातडी धरत नाही.

पोलिसांबद्दल दोनच गोष्टी. आधी दवाखाना. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे की जखमीवर उपचार आधी, पोलिसी कागद नंतर, आणि हे प्रत्येक डॉक्टरला लागू आहे. नोंद आणि पोलिसांना कळवणं दवाखाना स्वतः करतो. दुसरी गोष्ट: मृत्युपूर्व जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले की घरचे रडायला लागतात, डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून. तसं नसतं. पुढे नळी घालावी लागेल, बोलता येणार नाही, म्हणून भाजलेली बाई शुद्धीवर असतानाच जबाब घेतात, आणि ती बोलण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. त्या वेळी सासरचे आणि माहेरचे दोघेही बाहेर थांबले तर तिच्यावर उपकार होतील. आमच्याकडे येणाऱ्यांत स्वयंपाकघरात भाजलेल्या तरुण बायका किती असतात हे कुणालाही ठाऊक आहे. त्यातलं किती ‘स्टोव्हचा भडका’ होतं हे सांगायचा हक्क फक्त तिचा आहे.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार बसतात, कवच ५ लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या दवाखान्यात गेलात की आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच दिवशी जा. बिल झाल्यावर गेलात तर अडचण होते. गाडीसाठी १०८. खासगी गाडी शोधण्यात तास घालवू नका.

राहिला शेवटचा, मला सगळ्यात जास्त लागणारा मुद्दा: विद्रूप होऊन जगण्यात काय अर्थ. हे ठरवायचा अधिकार मेसेज लिहिणाऱ्याला कुणी दिला? व्रण राहतात. पण गळा छातीला चिकटणं, कोपर वाकडं राहणं, बोटं मुठीत अडकणं हे बरंचसं टाळता येतं, आणि त्याची सुरुवात आयसीयूतच होते. मानेला भाजलेल्या माणसाला आम्ही उशी देत नाही. घरचे कळवळून उशी मागतात, गुपचूप आणूनही देतात. उशीवर हनुवटी खाली राहिली की बरी होणारी कातडी तशीच आकसते आणि मान पुन्हा वर होत नाही. काखेत भाजलं असेल तर हात अंगापासून लांब बांधून ठेवतो, बोटांना सरळ ठेवणारी आधाराची पट्टी (स्प्लिंट) लावतो, फिजिओथेरपिस्ट रोज येऊन दुखवतात. दुखतं म्हणून ते थांबवू नका. घरी गेल्यावर व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे दिवसाचे जवळजवळ २३ तास, वर्षभर किंवा जास्तही घालावे लागतात. सोलापूरच्या मे महिन्यात ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे. तरी घाला, रात्री मालिश करा, आणि सांधा आखडायला लागला तर ‘आता काय व्हायचं’ म्हणून घरी न बसता प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत या. आखडलेला सांधा ऑपरेशनने मोकळा करता येतो, पण वर्षं जाऊ दिली की आतले स्नायू आणि हाडं त्याच स्थितीत पक्की होतात, आणि मुलांच्या बाबतीत तर वाढच वाकडी होते.